युक्रेनच्या मायलेकरांना घरात ठेवणारा माणूस असायलम केंद्राला विरोध का करतो?

एल्बेकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय कारण एक गोष्ट डोक्यात घोळतेय आणि ऑफिसात हा विषय काढायची सोय नाही.

मी सॅक्सनीत राहतो, ड्रेस्डेनहून तासाभराच्या अंतरावर, गाव अगदीच छोटं. खालच्या मजल्यावर घरमालक राहतात, सत्तरी ओलांडलेले, रेल्वेतून रिटायर झालेले. माणूस म्हणाल तर सोनं. मी नवीन आलो तेव्हा अनमेल्डुंगला (पत्त्याच्या सरकारी नोंदणीला) स्वतः बरोबर आले होते, ऑफिसातल्या बाईशी माझ्या वतीने भांडले पण. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये हे गृहस्थ आपली जुनी गाडी काढून पोलंडमध्ये थेट प्शेमिशलपर्यंत गेले, तिथून एक बाई आणि तिची दोन मुलं घेऊन आले आणि आठ महिने वरच्या खोलीत ठेवलं. एक सेंट घेतला नाही. धाकट्या पोराला सायकल शिकवताना मी माझ्या खिडकीतून बघितलंय त्यांना.

तर आता गावातलं बंद पडलेलं हॉटेल भाड्याने घेऊन तिथे साठेक असायलमवाले (आश्रय मागणारे) ठेवायचं चाललंय, बहुतेक सीरिया आणि अफगाणिस्तानचे. आणि ह्याच मालकांच्या खिडकीत पाटी लागलीये, "नाइन त्सुम हाइम". केंद्र नको.

मी न राहवून विचारलं. म्हणाले ते वेगळं होतं. काय वेगळं, तर आधी म्हणाले तिथे खरं युद्ध होतं (सीरियात काय होतं मग?), मग म्हणाले त्या बायका-मुलं होती आणि हे सगळे तरुण पुरुष, मग म्हणाले हे लोक काम करत नाहीत नुसते बसून असतात, आणि शेवटी म्हणाले आम्हाला कोणी विचारलंच नाही, पेपरात वाचून कळलं. हे शेवटचं बोलताना मात्र आवाज चढला त्यांचा.

२०१५ मध्ये मी इथे नव्हतो पण म्युनिक स्टेशनवर लोक टाळ्या वाजवतायत, पाण्याच्या बाटल्या आणि टेडी बेअर वाटतायत ते व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. मर्केलबाईंचं "आपण हे करू शकू" पण त्याच वर्षीचं, ३१ ऑगस्टचं. आणि फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत असायलमविरोधी एएफडी पक्षाला २०.८ टक्के. हे तेच लोक बदलले का तेव्हाही वेगळेच लोक होते आणि आता वेगळेच बोलतायत? तुम्ही जिथे राहता तिथे काय दिसतं? फक्त एक विनंती, "रेसिस्ट आहेत, विषय संपला" हे उत्तर नको. काही जणांच्या बाबतीत ते खरंही असेल पण त्याने मालकांचं कोडं सुटत नाही.

पॉपकॉर्न_घेऊन

आलो. बसलो.

डच_पाऊस

चांगला धागा. मी नेदरलँड्समध्ये चौदा वर्षं आहे, तुमच्या मालकांचं शेवटचं वाक्य मी इथे इतक्यांदा ऐकलंय की बाकीच्या तीन कारणांपेक्षा मी तेच आधी धरेन.

इथलं उदाहरण सांगतो. असायलमचा अर्ज करायचा तर उत्तरेला टेर आपेल नावाच्या गावात जावं लागतं, सगळ्या देशाचं नोंदणीचं तोंड ते एकच. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथे इतकी गर्दी तुंबली की शेकडो लोक गेटबाहेर गवतावर झोपत होते, ना संडास ना पाणी. ऑगस्टमध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने तिथे टीम पाठवली, ही संघटना नेदरलँड्सच्या भूमीवर पहिल्यांदाच काम करत होती, विचार करा. एक तीन महिन्यांचं बाळ तिथल्या हॉलमध्ये दगावलं त्याच आठवड्यात. आता गंमत (गंमत कसली) अशी की ह्याचं कारण अचानक लोंढा आला हे नव्हतंच फक्त. आधीच्या वर्षांत अर्ज कमी झाले म्हणून केंद्रं बंद केली, माणसं कमी केली, आणि ज्यांना राहण्याचा परवाना मिळालाय त्यांना द्यायला घरं नाहीत म्हणून ते केंद्रातच अडकून, म्हणजे मागून येणाऱ्यांना जागा नाही. नळ चालू आणि मोरी तुंबलेली.

पण टीव्हीवर बघणाऱ्याला काय दिसतं, गवतावर झोपलेले शेकडो पुरुष. त्याला वाटतं देश बुडाला. टेर आपेलच्या दुकानात चोऱ्या व्हायच्या, बसच्या ड्रायव्हरांना त्रास व्हायचा, हे खोटं नाही, आणि ते करणारे बहुतेक असे तरुण ज्यांना परवाना मिळण्याची शक्यताच जवळजवळ नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं झालं मग, बदनामी सगळ्यांची.

त्याच ऑगस्टमध्ये पूर्वेकडच्या अल्बर्गन नावाच्या गावात सरकारने हॉटेल विकत घेऊन टाकलं, गावाला शेवटच्या क्षणी सांगितलं, आणि पालिका नाही म्हणत असताना परवानगी हेगहून, थेट सरकारकडूनच देणार म्हणून सांगितलं. लोक रस्त्यावर. नंतर १ फेब्रुवारी २०२४ पासून कायदाच आला की प्रत्येक पालिकेने आपापला वाटा उचलायचा. पण तोपर्यंत मंत्रिमंडळ ह्याच विषयावर पडलं होतं (जुलै २०२३), असायलमविरोधी नेता विल्डर्स ३७ जागा घेऊन पहिला आला होता, आणि जून २०२५ मध्ये पुढचं सरकारही असायलमवरूनच त्याने पाडलं. दोन वर्षांत दोन सरकारं.

माझं म्हणणं, लोकांना माणसं दिसायच्या आधी अव्यवस्था दिसते. आणि अव्यवस्था कोणी केली हे दिसत नाही.

तर्कट

मी जरा विरोधी सूर लावतो, दगड मारू नका.

आपण सगळे इथे कसे आलो? डिग्री, नोकरीचं पत्र, पगाराची अट, व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी महिनोन्महिने वाट, मग ब्लू कार्ड (शिकलेल्या नोकरदारांचा राहण्याचा परवाना). अनमेल्डुंगला उशीर झाला तर दंडाची भीती दाखवतात आपल्याला. आणि तिकडे माणूस पासपोर्ट फेकून येतो, चार सुरक्षित देश ओलांडून येतो, अर्ज नाकारला तरी राहतो. ज्यांना "परत जा" असा आदेश निघतो त्यातले पाचातला एकच प्रत्यक्षात जातो, हे खुद्द युरोपियन कमिशन सांगतं.

झोलिंगन आठवा. २३ ऑगस्ट २०२४, शहराचा उत्सव चालू असताना चाकूने तीन माणसं मारली. तो माणूस डब्लिन नियमानुसार (युरोपात जिथे पहिलं पाऊल, अर्ज तिथेच) बल्गेरियाला परत पाठवायचा होता. ज्या दिवशी न्यायला आले त्या दिवशी तो केंद्रात सापडला नाही, मग सहा महिन्यांची मुदत संपली आणि केस जर्मनीच्या गळ्यात. मुदत संपली म्हणून! बर्लिनच्या ख्रिसमस बाजारात २०१६ ला ट्रक घातला तोही नाकारलेला अर्जदारच. कोलोनची २०१५ ची थर्टी फर्स्टची रात्र तर आहेच, शेकडो बायकांची छेडछाड झाली ती, तिथे पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी "वातावरण शांत होतं" असं प्रेसला सांगितलं. लोकांचा विश्वास तिथे उडाला असं माझं मत आहे, गुन्ह्याने जितका उडाला त्याहून त्या प्रेसनोटने.

मग लोक म्हणतात कडक करा तर त्यात एवढं कोडं काय आहे? मालकांना युक्रेनच्या बाईचं नाव, गाव, युद्ध सगळं माहीत होतं. हॉटेलात येणाऱ्या साठ जणांबद्दल त्यांना काहीच माहीत नाही, आणि ज्या खात्याला माहीत असायला हवं त्यालाही नाही. मला तर मालकांचं बरोबर वाटतं.

मधली_सुट्टी

तर्कट, दगड नाही मारत पण दोन-तीन गोष्टी नीट करूया.

मी हेसनमध्ये एका केंद्रात दर शनिवारी जर्मन शिकवते, चार वर्षं झाली. "लाइन तोडून आले" हे वाक्य आपल्या मराठी ग्रुपांवर तर जर्मनांपेक्षा जास्त ऐकू येतं म्हणून लिहितेय. असायलमसाठी लाइनच नाहीये हो. असायलम व्हिसा नावाची वस्तू नाही. अर्ज करायचा तर त्या देशाच्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो, आणि पाय ठेवायला व्हिसा लागतो, आणि सीरियन किंवा अफगाण माणसाला तो व्हिसा मिळत नाही. विमानाने का येत नाहीत, तिकीट तर बोटवाल्याला देतात त्यापेक्षा स्वस्त, तर कागद नसलेला प्रवासी आणला की विमान कंपनीला दंड बसतो, २००१ चा युरोपियन नियम आहे, म्हणजे काउंटरवरची मुलगीच तिथल्या तिथे परत पाठवते. इकडे आड तिकडे विहीर. म्हणून तर १९५१ च्या जिनिव्हा कराराच्या ३१ व्या कलमात लिहिलंय की धोक्यातून थेट पळून आलेल्याने लगेच हजर होऊन नीट कारण सांगितलं तर बेकायदा घुसला म्हणून शिक्षा करायची नाही. हे लिहिणाऱ्यांनी नुकतंच महायुद्ध पाहिलं होतं, कागदपत्रं घेऊन कोणी पळत नाही हे त्यांना माहीत होतं.

झोलिंगनबद्दल तुम्ही लिहिलं ते खरं आहे आणि ते चुकलंच. पण परत पाठवायला न जमणं हा खात्याचा ढिसाळपणा, त्याची वसुली माझ्या वर्गातल्या माणसाकडून का?

आता "नुसते बसून असतात" हे. ह्यावर मला खरंच राग येतो. पहिल्या स्वागतकेंद्रात असेपर्यंत सहा महिने कामाला बंदी, २०२४ पर्यंत ती नऊ होती. त्या केंद्राबाहेर असाल तर पहिले तीन महिने बंदी आणि त्यानंतरही परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी, ती यायला किती वेळ लागतो ते तुमच्यापैकी ज्यांनी तिथल्या मेलला उत्तर मिळवलंय त्यांनी सांगावं. "सुरक्षित" ठरवलेल्या देशातून आलेल्याला तर पूर्ण बंदी. माझ्या वर्गात एक सुतार होता, चाळीस-पंचेचाळीसचा, तो वर्गातली डगमगणारी बाकं दुरुस्त करायचा कारण हाताला चैन पडत नव्हतं, तर सुपरवायझरने सांगितलं विम्यात बसत नाही, करू नका. बसवून ठेवायचं आणि मग बसलेत म्हणून बोंब मारायची!

युक्रेनवाल्यांचं वेगळं का दिसलं ह्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. त्यांना ४ मार्च २०२२ ला तात्पुरतं संरक्षण लागू झालं, त्या नियमाचं साल २००१, म्हणजे एकवीस वर्षं कपाटात पडून होता, कोणासाठीही वापरला नव्हता, २०१५ मध्येही नाही. मुलाखत नाही, वाट बघणं नाही, हव्या त्या देशात जा, पहिल्या दिवसापासून कामाची मुभा, पैसेही जास्त. २०२५ चे आकडे बघा, एकट्या माणसाला असायलममध्ये महिन्याला ४४१ युरो आणि युक्रेनच्या माणसाला जर्मनासारखेच ५६३. त्यात आता बऱ्याच राज्यांत असायलमवाल्याला कार्ड देतात, महिन्याला रोख फक्त ५० युरो काढता येतात. दोन जणांना दोन वेगळ्या दारांतून आत घ्यायचं आणि मग बघा हा कसा पटकन रुळला आणि तो कसा नाही!

आकडेमोड

व्हिएन्नात राहतो, ह्याच विषयाच्या जवळपासचं वाचणं हा पोटापाण्याचा धंदा आहे म्हणून चार पैसे टाकतो. एल्बेकाठी, तुमचे मालक अपवाद नाहीत, उलट अगदी सरासरी युरोपियन आहेत.

२०१६ मध्ये सायन्स नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, १५ देशांतल्या १८,००० मतदारांना काल्पनिक अर्जदारांच्या जोड्या दाखवल्या, हा की तो, कोणाला ठेवाल. वय, धंदा, भाषा, धर्म, येण्याचं कारण सगळं उलटसुलट करून. निघालं काय तर लोक तीन गोष्टी बघतात. कामाचा आहे का, खरंच सोसलंय का (छळ झालेल्याला जास्त पसंती, आणि गोष्ट सांगताना विसंगती असली की लगेच वजा), आणि मुसलमान आहे का. तिसरं ऐकायला बरं वाटत नाही पण आहे, आणि डाव्या-उजव्या सगळ्यांत कमी-जास्त आहे, उजव्यांत जास्त. विशेष म्हणजे ही आवडनिवड १५ ही देशांत जवळपास सारखी निघाली. म्हणजे मालकांनी दिलेली पहिली तीन कारणं ही जणू त्या प्रश्नावलीची उत्तरं आहेत. धागाकर्त्याने रेसिस्ट हा शब्द नको म्हटलंय, ठीक, पण हे तिसरं कारण गाळून कोडं सुटणार नाही एवढं नोंदवतो.

त्याच मंडळींनी दुसरा प्रश्न विचारला की अर्जदार देशांत कसे वाटावेत. सध्याचा नियम, जिथे पहिलं पाऊल तिथेच, की लोकसंख्या-उत्पन्न बघून प्रमाणात. मोठं बहुमत प्रमाणात वाटण्याच्या बाजूने. आणि असं केलं तर तुमच्याच देशात जास्त येतील हे सांगितल्यावर पाठिंबा घटला, तरी अर्ध्याच्या वरच राहिला. हे राजकारण्यांना सांगून बघा, विश्वास नाही ठेवणार.

मला सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू का, दोन अभ्यास शेजारी ठेवले तर. एक ग्रीसच्या बेटांवरचा. तुर्कस्तानच्या अगदी जवळच्या बेटांवर २०१५ मध्ये बोटीच बोटी, जरा लांबच्या बेटांवर फारसं कोणी नाही. जवळच्या बेटांवरचे लोक नंतर जास्त कडवट निघाले, नुसते आश्रय मागणाऱ्यांबद्दल नाही, सगळ्याच परक्यांबद्दल. दुसरा आमच्या अप्पर ऑस्ट्रियातला. ज्या गावांतून २०१५ मध्ये लोंढे नुसते पुढे जर्मनीकडे गेले तिथे असायलमविरोधी एफपीओ पक्षाची मतं वाढली, आणि ज्या गावांत थोडी कुटुंबं येऊन राहिली तिथे उलट कमी झाली, म्हणजे वाढली सगळीकडेच पण तिथे कमी वाढली. फरक कशाचा तर वेळेचा. कुंपणापलीकडून गर्दी जाताना बघणं आणि त्याच माणसाला बेकरीत रोज भेटणं.

पण एक अडचण आहे, साठ पुरुष एका बंद हॉटेलात गावाच्या टोकाला ठेवले तर ते "राहणं" की "गर्दी बघणं"? मला वाटतं दुसरं. दहा घरांत सहा-सहा ठेवले असते तर कदाचित पाटी लागली नसती. कदाचित. गावात रिकामी घरं नसतात का? पूर्व जर्मनीत तर असतात.

तर्कट

@मधली_सुट्टी, ३१ वं कलम "थेट" आलेल्यांबद्दल आहे, तुम्हीच लिहिलंय. ऑस्ट्रिया ओलांडून जर्मनीत येणारा थेट कसा? ऑस्ट्रियात काय धोका होता?

@आकडेमोड, बेटांवरच्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. लेस्बॉसवर मोरिया केंद्र तीनेक हजार माणसांसाठी, आणि तिथे एका वेळी बारा हजारांहून जास्त, मग सप्टेंबर २०२० ला ते जळालं. ब्रसेल्समधून उंटावरून शेळ्या हाकायला सोपं आहे.

मधली_सुट्टी

"थेट" ह्या शब्दावर वकिलांची भांडणं चालू आहेत, बऱ्याच कोर्टांनी वाटेतल्या थोड्या मुक्कामाने हक्क जात नाही असंच धरलंय. पण तुमच्या हिशोबाने चाललो तर जर्मनीत कोणीच यायला नको, सगळे ग्रीस आणि इटलीनेच सांभाळायचे, आणि मग मोरिया होतं. म्हणजे तुमच्या पहिल्या परिच्छेदाचं उत्तर तुमचाच दुसरा परिच्छेद आहे.

मोरियाबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत, बेटावरच्या लोकांना सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलं. त्याच लोकांनी सुरुवातीला कोळ्यांच्या होड्या काढून माणसं वाचवली होती.

लीड्सकर

इंग्लंडातनं दोन शब्द. इकडं तर हाटेल हाच राजकारणाचा मेन विषय झालाय.

छोट्या बोटीतनं फ्रान्सकडनं इंग्लिश चॅनेल ओलांडून २०१८ ला ३०० सुद्धा माणसं आली न्हवती, २०२२ ला ४५ हजारांवर गेली. तेवढ्यात सरकारनं अर्जावर निर्णय घ्यायचंच जवळपास थांबवलं, ढीग साठला, ठेवायचं कुठं तर हाटेलात, २०२३ च्या सप्टेंबरात ५६ हजार माणसं हाटेलात होती. गावातल्या ज्या हाटेलात लग्नं व्हायची तेच बंद करून तिथं पडदे लावून माणसं ठेवली, आता ज्याला डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवडे मिळत नाही आणि घराच्या वेटिंग लिस्टवर ज्याची दहा वर्षं गेली त्याला "फोर स्टार हाटेल" एवढंच ऐकू येतं. आत काय चाललंय ते कोण सांगणार. हाटेलात जेवण मिळतं म्हणून हातात आठवड्याला दहा पौंड पण नाहीत, जेवण स्वतः करायचं असलं तर ४९.१८ (२०२५ चे आकडे). एका खोलीत अनोळखी चौघं. काम करायची परवानगी वर्षभर नाही, नंतर बी ठराविकच नोकऱ्या. आणि पैसा चाललाय कंत्राटदारांना, दहा वर्षांच्या कंत्राटांचा अंदाज साडेचार अब्ज पौंड होता तो १५ अब्जांवर गेला असं सरकारी ऑडिटवाल्यांनीच २०२५ मध्ये सांगितलं. लोक चिडलेत हाटेलाच्या आतल्या माणसावर, आणि पैसे तिसराच घेऊन गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

असायलमवाल्यांना रवांडाला पाठवायच्या योजनेचं तर विचारूच नका. एप्रिल २०२२ ला घोषणा, नोव्हेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं बेकायदा ठरवलं, तर सरकारनं कायदा करून टाकला की रवांडा सुरक्षित आहे (कायद्यानं पाऊस बी थांबवतील), जुलै २०२४ ला नव्या सरकारनं गुंडाळलं. खर्च ७०० मिलियन पौंड, गेले किती, चार जण, ते बी स्वखुशीनं पैसे घेऊन.

आणि ऑगस्ट २०२४ चे दंगे मी जवळून बघितले. साउथपोर्टला तीन लहान मुली मारल्या, कुणीतरी ऑनलाइन पुडी सोडली की मारणारा बोटीतनं आलेला असायलमवाला, तो होता कार्डिफमध्ये जन्मलेला. पण तोवर रॉदरममध्ये हाटेलला आग लावायचा प्रयत्न झाला, आत दोनशेच्या वर माणसं. त्या आठवड्यात आम्ही ऑफिसला गाडीनं एकत्र गेलो, माझ्याकडं ब्रिटिश पासपोर्ट आहे पण तो काय कपाळावर चिकटवलेला नसतो. तर्कटराव, हे तुम्हाला सांगतोय, तिथं दगड मारणाऱ्यानं ब्लू कार्ड दाखवा असं कुणाला विचारलं नसतं.

दंग्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेकडो लोक झाडू घेऊन साफ करायला आले ते पण बघितलं. तेच गाव.

तर्कट

लीड्सकर, हे लागलं. मान्य. दगडाबद्दल मान्य.

तरी नियम आणि दगड ह्यात फरक आहे एवढं म्हणून थांबतो. डेन्मार्कमध्ये नियम कडक केले तर सोशल डेमोक्रॅट्सनीच केले, तिथे हॉटेलं पेटली नाहीत.

डच_पाऊस

डेन्मार्कचं उदाहरण सगळे देतात. जानेवारी २०१६ चा त्यांचा कायदा आठवतो का, १०,००० क्रोनरच्या वरच्या किमती वस्तू आलेल्याकडून काढून घ्यायच्या, लग्नाची अंगठी तेवढी सोडायची. प्रत्यक्षात फार थोड्या वेळा वापरला. वापरण्यासाठी नव्हताच तो, बातमी व्हावी म्हणून होता. आणि नंतर दमास्कस सुरक्षित आहे म्हणून सीरियन लोकांचे राहण्याचे परवाने काढायला सुरुवात केली, असद सत्तेवर असताना! सीरियाशी संबंध नाहीत म्हणून परत पाठवता येईना, मग काय, बारावीतल्या पोरींना निघा म्हणून पत्रं, आणि निघून जायचं कुठे तर केंद्रात जाऊन बसा. दगड नाही पडला, बरोबर. पण वागणूक ह्या शब्दात हेही येतं ना.

एल्बेकाठी

सगळ्यांचे आभार, एवढे मोठे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल गावची सभा झाली, म्हणून लगेच लिहितोय, आठवतंय तोवर.

शाळेच्या व्यायामशाळेत होती. खुर्च्या कमी पडल्या. जिल्ह्याची एक अधिकारी बाई आणि आमचे महापौर. पहिला पाऊण तास नुसता आरडाओरडा, दोन-तीन जण तर गावातले नव्हतेच, कोणी ओळखेना त्यांना, सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. मग हळूहळू खरे प्रश्न सुरू झाले. बस दोन तासांनी एक आहे, ती भरली तर शाळेतली मुलं काय करणार. गावातला डॉक्टर पुढच्या वर्षी रिटायर होतोय, त्याच्या जागी कोण. एका बाईने विचारलं इथली शाळा पटसंख्या नाही म्हणून बंद केलीत, आता ह्या लोकांना मुलं असती तर शाळा परत उघडली असतीत का? मला वाटलं चिडून विचारतेय, नंतर कळलं खरंच विचारत होती.

आमचे मालक उठले. मला वाटलं आता पाटीवरचंच बोलणार. त्यांनी विचारलं ते कामाला कधीपासून जाऊ शकतात. बाई म्हणाली नियमानुसार आधी अमुक मुदत, मग परवानगी, मग अमुक कार्यालयाची संमती. तर हे म्हणाले गावात छपराचं काम करणारा एक माणूस नाहीये, मी ऑक्टोबरपासून वाट बघतोय, आणि तुम्ही साठ माणसं आणून त्यांना खिडकीत बसवणार. सगळी सभा हसली, हसणं चांगलं नव्हतं पण. मधली_सुट्टी, तुमचा सुतार आठवला.

रात्री परत येताना गाडीत ते आपणहून बोलायला लागले. त्यांची आई ब्रेस्लाऊकडची, आताच्या पोलंडमधली, १९४६ मध्ये हाकलली गेलेली. पूर्वेकडून असे सव्वा कोटीच्या आसपास जर्मन आले होते तेव्हा, हे मी वाचलं होतं पण कोणाच्या घरातलं ऐकलं नव्हतं. ह्याच गावात एका शेतकऱ्याच्या घरात सरकारने खोली काढून दिली. बोली वेगळी म्हणून दुकानात हसायचे, पोरं मागून ओरडायची. निर्वासित हा शब्द पूर्व जर्मनीत सरकारने वापरूच दिला नाही, "उमझीडलर" म्हणायचं, म्हणजे जणू आपणहून घर बदललं. आई मरेपर्यंत त्या शेतकऱ्याच्या घराण्याशी बोलली नाही म्हणे. मी म्हटलं मग तर तुम्हाला कळायला हवं. तर म्हणाले, "कळतं म्हणूनच म्हणतो, त्या शेतकऱ्यालाही कोणी विचारलं नव्हतं."

ह्यावर मला काही सुचलं नाही.

आकडेमोड

हे शेवटचं वाक्य मी कुठल्याही सर्व्हेत पकडू शकलो नसतो. बाकी, ती बाहेरून आलेली मोठ्या आवाजाची मंडळी जवळपास प्रत्येक गावच्या सभेत असतात, आमच्याकडेही.

मधली_सुट्टी

एल्बेकाठी, केंद्र सुरू झालं की महिन्याभरातच कामाच्या परवान्यांचे अर्ज एकगठ्ठा द्यायला लावा, एकेक करून दिले की गहाळ होतात. गावातल्या एखाद्या धंदेवाल्याने "मला ह्या कामाला माणूस हवाय" असं नावानिशी पत्र दिलं तर काम लवकर हलतं असा माझा अनुभव आहे. मालकांना विचारा छपरासाठी असं पत्र देणारा कोणी कारागीर ओळखीचा आहे का. नमुना माझ्याकडे आहे, व्यनि करते.

आणि २०१५ ला आलेल्यांचं काय झालं असं कोणी विचारलं तर सांगा, २०२४ अखेर त्यातले ६४ टक्के कामावर होते, एकूण लोकसंख्येत हा आकडा ७० आहे. पुरुषांत तर ७६. बायकांत मात्र ३५ च, ते लपवू नका, पाळणाघरांचा प्रश्न आहे तो.

तर्कट

नमुना मलाही पाठवाल का. आमच्या कंपनीच्या गोदामात सहा महिन्यांपासून जागा रिकाम्या आहेत.

ता.क. मत बदललेलं नाही.

पॉपकॉर्न_घेऊन

पाटी काढली का शेवटी?

एल्बेकाठी

नाही. परवाच्या वाऱ्यात एक कोपरा सुटला होता, आज सकाळी त्यांनी तो परत चिकटवला. पत्राचा नमुना मात्र प्रिंट काढून दे म्हणालेत, मोठ्या अक्षरात.